पाकीट फोडायचं की डबा उघडायचा?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मालवण तालुक्यातला २९ वर्षांचा वाचक. किनाऱ्याला लागून होमस्टे आहे, जून ते ऑगस्ट गिऱ्हाईक नाही. गेले तीन पावसाळे चार मित्र रात्री त्याच्या पडवीत जमून 'मॅजिक: द गॅदरिंग' हा कलेक्टिबल कार्ड गेम खेळतात. गेम आणला पुण्याची नोकरी सोडून गावी परतलेल्या मित्राने. तो दर महिन्याला बूस्टर पाकिटं (बंद पाकिटं, आत कुठले पत्ते ते फोडल्यावरच कळतं) मागवतो, भारी पत्ते त्याच्याकडे, जिंकतोही तोच. वाचकाचे स्वतःचे १४ हजार गेलेत, बायको या खेळाला 'पाकिटातला मटका' म्हणते. होडी असलेला मित्र गेल्या पावसाळ्यात जाळ्यांच्या कामाचं कारण सांगून यायचा बंद झाला. आता चौथा, म्हणजे हायस्कूलचा मास्तर, सुचवतोय की ज्यात सगळे पत्ते ठरलेले असतात, पाकीट फोडायची भानगड नसते, तसला डबा घेऊया. पुणेकर म्हणतो त्यात काय मजा, सगळ्यांना एकच ताट. वाचक विचारतो: डबा घेतला तर १४ हजार पाण्यात आणि मित्र दुखावणार, नाही घेतला तर पडवी रिकामी. काय करू, आणि पुणेकराशी बोलू कसं?

अरे-तुरे करतोय, रागावू नकोस, माझ्या पुतण्याच्या वयाचा आहेस. पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं पैशाचा प्रश्न आहे, दुसऱ्यांदा वाचताना एक वाक्य घशात काट्यासारखं अडकलं, ते होडीवाल्याचं. त्याच्याकडे शेवटी येतो. आधी वहिनींच्या मटक्याचं बघू, कारण त्या अर्ध्या बरोबर आहेत.

मॅजिक आला १९९३ साली, बनवणारा रिचर्ड गारफील्ड, हाडाचा गणिती माणूस. त्याची कल्पना अशी की प्रत्येकाकडे वेगळे पत्ते असतील आणि गेममध्ये एकूण पत्ते कुठले आहेत हे कुणालाच पुरतं ठाऊक नसेल, समोरच्याने टाकलेला पत्ता आपण आयुष्यात पहिल्यांदा बघतोय ही त्यातली गंमत. आणि वहिनींना हे सांगू नकोस, पण अगदी सुरुवातीच्या नियमांत दोघांनी आपापल्या डेकमधला, म्हणजे खेळायला बांधलेल्या गठ्ठ्यातला, एकेक पत्ता पणाला लावायचा आणि जिंकणाऱ्याने तो कायमचा घरी न्यायचा असा प्रकार होता, आपण गोट्या खेळायचो तसा. तो नियम लवकरच मागे पडला. पण पाकीट राहिलं.

आता त्या पाकिटाचं गणित बघ, हे तुमच्यापैकी कुणी बसून केलं नसणार, मास्तर असूनही. आजकालच्या साध्या बूस्टरमध्ये १४ पत्ते, त्यात निदान एक रेअर, बाकी बहुतेक कॉमन नाहीतर अनकॉमन. हिशेबापुरतं धरून चालू की सेटमध्ये, म्हणजे एका वेळी निघालेल्या पत्त्यांच्या मालिकेत, ६० रेअर आहेत आणि सगळ्यांची शक्यता सारखी. तुला त्यातला एकच ठराविक पत्ता हवाय. ६० पाकिटं फोडलीस तरी तो न मिळण्याची शक्यता साधारण ३६ टक्के राहते. साठ पाकिटं! आणि साठच्या साठ रेअर नुसती पाकिटं फोडून जमवायचे म्हटलंस तर सरासरी २८० पाकिटं लागतात, कारण शेवटी शेवटी जे निघतं ते आधीच घरात असतं. यात कोणी लबाडी करत नाही, पाकिटावर काय लिहिलंय तेच आत असतं, पण हा धंदाच असा उभा आहे की तुला हवा असलेला पत्ता दुसऱ्या कुणाच्या तरी पाकिटात असावा.

मग अर्धं चूक काय? तर मटक्यात आकडा लागला नाही की हातात चिठ्ठी उरते, इथे निदान पत्ते उरतात आणि ते दुसऱ्याला देता येतात. आमच्या वेळेला बबलगमसोबत क्रिकेटर्सची कार्डं यायची, कुडाळच्या शाळेत मधल्या सुट्टीत त्यांचा बाजार भरायचा. एक कार्ड कुणालाच मिळत नव्हतं, ते एका वाण्याच्या पोराकडे होतं आणि त्यासाठी मी एकवीस कार्डं मोजून दिली, वर एक आठवडा त्याचं दप्तर उचललं. मूर्खपणा होता. पण त्या आठवड्यात वर्गातल्या कुणाकडे काय आहे, कोण कशावर मान हलवेल, हे सगळं मला तोंडपाठ झालं होतं. कलेक्टिबलमधला अर्धा खेळ हा असा टेबलाच्या बाहेर चालतो, आणि त्याला माणसं लागतात, बरीच लागतात. पुण्या-मुंबईत दुकानात वीसजण शनिवारी बसतात, अदलाबदल होते, नको ते विकलं जातं. तुमच्या पडवीत चारच डोकी, त्यातला एकच दर महिन्याला पाकिटं फोडतो. वीस जणांत फिरायला हवा तो बाजार एका माणसाच्या बॅगेत झिप लावून बसलाय. तुमची गाडी इथे अडलीय. गेम वाईट नाहीये, गेमला जेवढं गाव लागतं तेवढं तुमच्याकडे नाहीये.

आता मास्तर म्हणतो तो डबा. फँटसी फ्लाइट गेम्स नावाच्या अमेरिकन कंपनीने २००८ मध्ये आपले आधीचे कलेक्टिबल गेम या वळणावर आणले आणि त्याला 'लिव्हिंग कार्ड गेम' असं नाव दिलं. मूळ डबा घ्यायचा, मग वेळोवेळी छोटे पॅक येतात, पण कुठल्या पॅकमध्ये कुठले पत्ते हे आधीच जाहीर असतं आणि रत्नागिरीत घेतलेला पॅक आणि लंडनमध्ये घेतलेला पॅक आतून सारखाच. फरक कळायला 'नेटरनर' घे, कारण हा गेम दोन्ही घरी नांदून आलाय. १९९६ मध्ये त्याच गारफील्डचा तो पाकीटवाला गेम म्हणून निघाला. २०१२ मध्ये फँटसी फ्लाइटने तोच 'अँड्रॉइड: नेटरनर' म्हणून ठरलेल्या पत्त्यांचा काढला. एक खेळाडू मोठी कंपनी, दुसरा तिचे सर्व्हर फोडणारा हॅकर, ही झोंबाझोंबी तीच. त्याच्या छोट्या पॅकमध्ये ६० पत्ते, वीस वेगळे पत्ते आणि प्रत्येकाच्या तीन प्रती, कारण डेकमध्ये एका पत्त्याच्या जास्तीत जास्त तीनच चालतात. म्हणजे पॅक घेतला की त्या वीस पत्त्यांपुरता जगातल्या सगळ्यात श्रीमंत खेळाडूला तू बरोबरीला भेटलास, विषय संपला.

पुणेकराचं 'एकच ताट' मात्र मला पटत नाही. डेक ज्याचा त्यानेच बांधायचा असतो ना. मालवणच्या बंदरावर सकाळी एकाच टोपलीतला बांगडा चार घरी जातो, एकीकडे तिरफळं घालून तिखलं होतं, एकीकडे रवा लावून तळला जातो, आणि एक घर असं असतं जिथे तो वाया जातो. पत्ते सगळ्यांना ठाऊक असले की खेळ उलट खोल जातो, कारण मग समोरच्याकडे काय असू शकतं याचा अंदाज बांधता येतो. लांब कशाला, आपली सावंतवाडीची गंजिफाच बघ. राजवाड्यात चितारी कलाकार बसून रंगवतात ते गोल पत्ते तू बघितले असशीलच, नसशील तर तासा-दीड तासाचा रस्ता आहे, जा एकदा. दशावतारी गंजिफा, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, मिळून १२० पत्ते. तिघांत वाटले की चाळीस-चाळीस. एकशेवीसच्या एकशेवीस पत्ते तिघांनाही माहीत, त्यातही राजा-प्रधानाखाली अर्ध्या रंगांत दहा मोठा आणि अर्ध्यात एक्का मोठा, आणि तरी नवखा माणूस सडकून हरतो, कारण कोणता पत्ता पडून गेला हे लक्षात ठेवणारा समोर बसलेला असतो. आणि गणपतीत रात्रभर मेंढीकोट खेळताना चार दश्श्या कुठे लपल्यात हे शोधण्यातच पहाट होते की नाही? बावन्न पत्ते, कुणी कधी म्हटलं का की कंटाळा आला, नवीन पाकीट आणा?

पण थांब, डबा लगेच ऑर्डर करू नकोस. मास्तरच्या डोक्यात जे आहे की डबा म्हणजे एकदाच पैसे आणि सुटलो, तेही तसं नाही. माझ्या पुतण्याने नेटरनर घेतला. मूळ डब्यात काही पत्त्यांची एकेकच प्रत होती, त्यामुळे डेक नीट बांधायला दुसरा डबा आला. मग छोटे पॅक, एक-एक बघितला तर किरकोळ, पण येतच राहिले, आणि 'सगळं असलं पाहिजे' ही खाज पाकीटवाल्यांनाच असते असं थोडीच आहे. कलेक्टिबलमध्ये माणूस नशिबाला पैसे देतो, इथे यादी पुरी करायला देतो. शिवाय उशिरा आलेल्या माणसापुढे आधीच्या सगळ्या पॅकांचा डोंगर. आणि २०१८ मध्ये गेमच्या मूळ मालक कंपनीकडून घेतलेलं लायसन्स संपलं आणि कंपनीने गेमच बंद केला. पुतण्या दोन दिवस जेवला नाही नीट. (आता चाहत्यांनी स्वतः संस्था काढून तो चालू ठेवलाय, नवे पत्ते काढतात, पीडीएफ फुकट उतरवून घरी छापता येतात. नेट चांगलं असलेल्या रात्री बघ.) सांगायचं एवढंच की ठरलेल्या गेममध्ये खर्चाची वेस कंपनी घालून देत नाही, ती आपणच घालायची: मूळ डबा, फार तर दोन पॅक, आणि एक अख्खा पावसाळा त्याच्यावरच काढायचा.

आता मला सांग, पुणेकर पैशामुळे जिंकतो हे तू कशावरून ठरवलंस? पत्रात चार वेळा लिहिलंयस की तोच जिंकतो, पण तो खेळतो कसा यावर एक ओळ नाही. पुढच्या रात्री एक कर. डेकची अदलाबदल. त्याचा भारी डेक तू घे, तुझा रडका डेक त्याला दे, पाच डाव खेळा. तुझ्या डेकने तो तीन जिंकला तर बाबा, प्रश्न पाकिटांचा नाही, त्याचा हात बसलाय, त्याच्याकडून शिकून घे. पाचही तू जिंकलास तर त्याला स्वतःलाच दिसेल, तुला एक अक्षर बोलावं लागणार नाही. माझा अंदाज मधेच कुठेतरी लागेल.

आणि ते १४ हजार. ते गेले, बरोबर, पण पत्ते तर घरात आहेत ना? मला तुझ्या पत्राचं आश्चर्य याच गोष्टीचं वाटलं की तू पाकीट आणि डबा हे दोन वेगळे प्राणी धरून बसलायस. पत्ता पाकिटातून आला म्हणून तो जन्मभर पाकीटवालाच राहतो का? मॅजिक खेळणाऱ्यांतच एक जुनी रीत आहे, तिला क्यूब म्हणतात. चौघांनी आपापले चांगले पत्ते एकत्र ओतायचे, प्रत्येक पत्त्याची एकच प्रत ठेवायची, आणि चारजणांसाठी १८० पत्ते निवडून एक कायमचा गठ्ठा करायचा. खेळायच्या रात्री तो पिसायचा, पंधरा-पंधराचे ढीग, प्रत्येकाला तीन. पहिला ढीग उचल, एक पत्ता ठेव, उरलेला शेजाऱ्याकडे सरकव, दुसऱ्या बाजूच्या शेजाऱ्याकडून आलेल्यातला एक ठेव, असं करत प्रत्येकाकडे ४५ जमतात. त्यातले बावीस-तेवीस घे, सतराएक साध्या लँड (बाकीचे पत्ते खेळायला लागणारी ताकद देणारे पत्ते) घाल, चाळीस पत्त्यांचा डेक झाला. लँड बाजूला डब्यात निदान सत्तरेक ठेवा, त्या सगळ्यांच्या. खेळून झालं की सगळं परत गठ्ठ्यात. म्हणजे पाकीट फोडल्यासारखं 'यात काय निघतं' हे दर रात्री आहे, पण पैसा शून्य, आणि पुणेकराचा तो माज करणारा ड्रॅगन आज त्याच्याकडे तर उद्या मास्तरच्या हातात. तुझाच कलेक्टिबल गेम, आजपासून ठरलेल्या पत्त्यांचा.

मी असतो तर आधी हेच केलं असतं, डबा नंतर.

एक अडचण येईल, मालकीची. पुणेकर म्हणेल माझा महागडा पत्ता मी सगळ्यांच्या चिकट हातात का देऊ, आणि त्याचं बरोबर असेल, तुमच्याकडे खेळताना शेवकांडी फिरत असणार. तेव्हा सगळ्या पत्त्यांना सारखे स्लीव्ह, म्हणजे प्लास्टिकची कव्हरं, मागून अपारदर्शक, मॅजिकच्या पत्त्याच्या मापाचे; पत्ता साधारण ६३ बाय ८८ मिलिमीटर असतो. कोणाचे कुठले ते वहीत लिहून ठेवा. फारच महाग असेल तो पत्ता त्याने घरी ठेवावा आणि त्याच्या जागी कागदावर नाव आणि मजकूर लिहून स्लीव्हमध्ये सरकवावा, पडवीत चालतं. अधिकृत स्पर्धेत चालणार नाही आणि असला कागद खरा म्हणून कुणाला विकायचा नाही, एवढं पाळलं की झालं. स्पर्धेचे बाकीचे नियमही, म्हणजे काही प्रकारांत जुने सेट ठराविक काळाने बाद होतात वगैरे, तुम्हाला लागू नाहीत. त्याच्या नादाने नवी पाकिटं घेत असाल तर ते आजच थांबवा, पडवीत कोण येतोय सेट तपासायला.

आणि क्यूब करूनही डबा घ्यावासा वाटलाच तर एकमेकांशी भांडायचा घेऊ नका, एकत्र लढायचा घ्या. फँटसी फ्लाइटचेच असे आहेत, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' वाला २०११ चा, 'आर्कम हॉरर' २०१६ चा, 'मार्व्हल चॅम्पियन्स' २०१९ चा. यात खेळाडू सगळे एका बाजूला आणि गेम दुसऱ्या बाजूला. चौघांत एकच डबा पुरतो असा आधी मार्व्हलवाला बघा. आर्कमचा सेकंड हँड मिळत असेल तर जुना की नवा ते विचारून घ्या, २०१६ चा मूळ डबा दोघांपुरता होता, २०२१ च्या सुधारित डब्यात चौघं बसतात. डबा होमस्टेच्या कपाटात राहील, खर्च तुझा एकट्याचा, आणि डिसेंबरात मुलं घेऊन आलेल्या पाहुण्यांनाही दाखवता येईल. बाकीच्यांनी कांदाभजी आणावीत.

पुणेकराशी कसं बोलायचं ते विचारलंयस. 'तुझ्यामुळे मजा जाते' असं म्हणू नकोस, आणि मास्तरला पुढे करूनही सांगू नकोस, गावात ते चार तासांत उलटं होऊन पोचतं. त्याला क्यूब निवडायचं काम दे. खरंच सांगतो. कुठले १८० घ्यायचे, कुठला रंग फार जड होतोय, कुठला पत्ता इतका वाईट आहे की सगळ्यांना हसू येईल म्हणून ठेवायचा, हे ठरवायला जो सगळ्यात जास्त पत्ते ओळखतो तोच लागतो. नोकरी सोडून गावी आलेल्या माणसाला लोक दर दोन दिवसांनी विचारतात, काय रे, परत कधी जातोस? त्याला दर महिन्याला कुरियर येतं आणि ते फोडायला तो तुमच्याकडे येतो, एकटा घरी फोडत नाही, हे तुझ्या लक्षात आलंय का? पाकीट तो जिंकायला फोडतो असं मला तरी वाटत नाही.

तर होडीवाला. जूनच्या पहिल्या तारखेपासून जुलै अखेर यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, होडी वर ओढून शाकारलेली, घरात आवक नाही. त्या दिवसांत तुम्ही तिघं टेबलावर चकचकीत फॉइलवाला पत्ता निघाला म्हणून ओरडताय आणि तो दोन पावसाळे जुन्या, दुसऱ्याने दिलेल्या डेकवर हरतोय. जाळी दुरुस्त करायची असतात हे खरं, पण रात्री नऊ वाजता, लाईट गेलेली असताना? तो 'परवडत नाही' म्हणणार नाही, आपल्याकडे पुरुषमाणूस हे मित्राला सांगत नाही, जाळी सांगतो, गुडघा सांगतो, बायकोचा भाऊ आलाय सांगतो. तू मला विचारलंस डबा की पाकीट. मी विचारतो, तुमच्या टेबलावर बसायला कमीत कमी किती रुपये लागतात? क्यूबमध्ये त्याचं उत्तर शून्य येतं, म्हणून मी क्यूबच्या बाजूने आहे, तत्त्व वगैरे काही नाही. फक्त 'तुझे पैसे नाहीत म्हणून आम्ही असं केलंय' असा वास त्याला येता कामा नये. पुणेकराच्या डोक्यातून निघालेली नवीन आयडिया आहे आणि चौथा नसेल तर तीन ढीग तसेच उरतात, एवढंच सांग. खोटंही नाही ते, १८० चौघांचेच होतात.

फोन करून बोलावू नकोस. संध्याकाळी त्याच्या खळ्यात जा, तो जाळ्याला बसलेला असेल तर समोर बसून जाळ्याचं दुसरं टोक ताणून धर आणि तासभर गजाली कर, पत्त्यांचा विषय उठता उठता काढ.

आणि एक राहिलं. तुझ्या पडवीतल्या दमट हवेत फॉइल पत्ते पापडासारखे वळत असणार, पुणेकर त्यावरून करवादतही असेल. स्लीव्ह घातलेला गठ्ठा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव, बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या दोन पुड्या आत टाक, आणि खेळून झाल्यावर झाकण लावायचं काम मास्तरकडे दे, तो विसरणार नाही.